बाप-लेक दोघेही आर्किटेक्ट: सारिनेन पितापुत्र आणि विश्रामबागेतलं आमचं टेबल

उंबरठा:

नमस्कार. इथं बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय.

सांगलीत विश्रामबागेत आमचं ऑफिस आहे. बाबा आर्किटेक्ट, मीही आर्किटेक्ट, वय ३४. आठ वर्षं पुण्यात नोकरी केली आणि गेल्या दिवाळीत परत आलो. ऑफिस म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत एक मोठं सागवानी ड्रॉइंग टेबल आहे. खिडकीकडच्या टोकाला बाबा बसतात, दाराकडच्या टोकाला मी लॅपटॉप घेऊन. लहानपणी मी याच टेबलाखाली बसायचो. ट्रेसिंग पेपरवर शाईची रेघ चुकली की बाबा अर्ध्या ब्लेडनं ती हलक्या हातानं खरवडायचे आणि मग ती जागा नखानं घोटायचे, म्हणजे पुन्हा मारलेली शाई पसरत नसे. तो खरखर आवाज आणि अमोनिया प्रिंटचा नाकात झोंबणारा वास अजून आठवतो.

आता त्याच टेबलावर आमचे वाद होतात. मोठे नाहीत, पण रोज. बाबांनी आजवर केलेली घरं लोकांना आवडतात, मलाही आवडतात, पण मला तशीच करायची नाहीत. त्यात दारावरची पाटी गंजलीय. तिच्यावर फक्त बाबांचं नाव आहे. बाबा म्हणाले, नवीन करून घे, तुझंही नाव घाल. आणि तिथंच मी अडलोय. नाव घालून इथंच राहायचं, की वेगळं ऑफिस थाटायचं?

परवा झोप येईना म्हणून एलिएल सारिनेन आणि त्याचा मुलगा एरो, फिनलंडहून अमेरिकेत गेलेले दोघे आर्किटेक्ट, यांच्याबद्दल पुन्हा वाचत बसलो. कॉलेजात दोघांना वेगवेगळ्या धड्यांत शिकलो होतो, बाप आणि मुलगा म्हणून कधी पाहिलंच नव्हतं. १९४७ साली अमेरिकेत सेंट लुईस शहरात मिसिसिपी नदीच्या काठी स्मारक उभारायची स्पर्धा होती. १७२ प्रवेशिका आल्या. बाप-लेक एकाच ऑफिसात बसायचे, पण या स्पर्धेसाठी दोघांनी वेगवेगळी डिझाइन्स पाठवली. अंतिम फेरीच्या पाच जणांना तारा गेल्या. सारिनेनांच्या घरी आलेली तार एलिएलच्या नावानं होती. घरात शॅम्पेन उघडली, बापाचं अभिनंदन झालं. नंतर कळलं की तार लिहिणाऱ्याची नावात चूक झालीय, निवडलं गेलंय ते मुलाचं कमानीचं डिझाइन. तेव्हा ७४ वर्षांच्या एलिएलनं मुलासाठी दुसरी बाटली उघडली.

मी हे वाचून लॅपटॉप मिटला आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो.

तर प्रश्न असा: बापाच्या टेबलावर बसून मुलाचं स्वतःचं काही उभं राहतं का? आर्किटेक्टच हवेत असं नाही. दुकान, शेती, दवाखाना, कारखाना, ज्यांनी कुणी वडिलांबरोबर काम केलंय त्यांनी मनापासून लिहा.

कृष्णाकाठ:

छान सुरुवात. वाचतोय. बाबांचं एखादं घर कुठं आहे ते सांगा, जाता-येता बघू.

हळदवाला:

आधी एक गंमत. दोघा सारिनेनांचा जन्मदिवस एकच आहे, २० ऑगस्ट. बाप १८७३ चा, लेक १९१० चा. एकाच केकवर दोघांचं भागत असणार.

मुद्द्याचं नंतर लिहितो, आत्ता यार्डात सौदे चालू आहेत.

रेघोटी:

मूळची मिरजेची, आता पुण्यात वास्तुकला शिकवते. हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय, म्हणून जरा लांबण लावते.

मुलाकडं वळण्याआधी बाप नीट बघा. एलिएलचे वडील पाद्री होते. फिनलंड तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. गेसेलियस आणि लिंडग्रेन या दोन मित्रांबरोबर त्यानं तरुणपणीच ऑफिस काढलं आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनातल्या फिनलंडच्या दालनानं तिघांचं नाव झालं. मग त्यांनी हेलसिंकीपासून तीसेक किलोमीटरवर एका तळ्याकाठी दगड आणि ओंडक्यांचं घर बांधलं, ह्विट्ट्रेस्क. राहणं तिथंच, काम करणंही तिथंच. एरो याच घरातला. आईबाप, नोकरचाकर, पाहुणे आलेले चित्रकार, संगीतकार आणि मधोमध ड्रॉइंग टेबल. उंबरठा, तुमच्यासारखाच तोही बापाच्या टेबलाशी बसून चित्रं काढायचा.

हेलसिंकीच्या रेल्वे स्टेशनची स्पर्धा एलिएलनं १९०४ मध्ये जिंकली. पण मूळचं डिझाइन जुन्या किल्ल्या-चर्चच्या थाटाचं होतं. त्यावर तरुण आर्किटेक्टांनी जाहीर टीका केली: हे काय, स्टेशन म्हणजे यंत्रयुगाची इमारत! आणि एलिएलनं स्पर्धा जिंकलेली असूनही ते बदललं. आज दिसतं ते स्टेशन त्या बदलातून आलंय. दारापाशी दोन्ही बाजूंना हातात गोल दिवे धरलेले दगडी पुरुष उभे आहेत, ते तर अख्ख्या देशाच्या ओळखीचे झालेत. उद्घाटन १९१९ चं, म्हणजे आपलं विलिंग्डन कॉलेज सुरू झालं त्याच वर्षीचं.

जो माणूस जिंकल्यानंतरही टीका ऐकून कागद बदलतो, त्याच्या घरात मुलाला वाढायला जागा असते. मला वाटतं एरोला मिळालेला सगळ्यात मोठा वारसा हाच.

तारवाला:

मी मिरजेचा. आमचं घराणं सतार-तंबोऱ्याचं. आमचे पूर्वज शिकलगार, हत्यारं घडवणारे. पुढं हत्यारांची मागणी आटली तशी मिरजेतले आमच्यातले कारागीर वाद्यांकडं वळले. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या दिवशी अब्बांनी अख्ख्या गल्लीला पेढे वाटले.

आमच्यात वडिलांकडून शिकणं म्हणजे काय, ते जवारीवरून सांगतो. घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, वरचा पृष्ठभाग कानसीनं घासायचा, तार लावून छेडायची, पुन्हा तार उतरवायची, पुन्हा घासायचं. तार घोडीला कुठं टेकते आणि कुठं सुटते यावर सगळा नाद. एक घास जास्त झाली की आवाज मेला. मी चार वर्षं फक्त भोपळे साफ केले आणि पॉलिश केलं. पाचव्या वर्षी अब्बांनी कानस हातात दिली. मी घासली, छेडली, मला वाटलं जमलं. अब्बा पलीकडच्या खोलीत चहा पीत होते, तिथूनच म्हणाले, "अजून बंद आहे."

मला पंधरा वर्षं लागली त्यांचा कान यायला. आणि आता गंमत अशी की अब्बांना खुली, म्हणजे जास्त झणझणणारी जवारी आवडते, मला जरा बंद. काही गिऱ्हाइकं त्यांच्याकडं जातात, काही माझ्याकडं. दुकान एकच. उंबरठा भाऊ, कान त्यांचा घ्या, आवाज तुमचा काढा.

कृष्णाकाठ:

तारवाला, शेवटचं वाक्य वहीत उतरवून घेतलं.

रोखठोक:

सगळे गोड बोलताय म्हणून मी दुसरी बाजू मांडतो.

एरोनं स्वतःच सांगून ठेवलंय की १९५० मध्ये वडील वारेपर्यंत तो वडिलांच्याच घाटात काम करत होता. तेव्हा त्याचं वय ३९. आणि १ सप्टेंबर १९६१ ला मेंदूतल्या गाठीच्या शस्त्रक्रियेत तो गेला, ५१ व्या वर्षी. म्हणजे स्वतःचा असा काळ किती मिळाला? अकरा वर्षं! केनेडी विमानतळावरचं टीडब्ल्यूए विमान कंपनीचं टर्मिनल, वॉशिंग्टनचा डलेस विमानतळ, सेंट लुईसची कमान, यातलं एकही पूर्ण झालेलं त्यानं पाहिलं नाही. तिशीतच बाहेर पडला असता तर?

मी स्वतः वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात एकोणीस वर्षं काढली. माप मी घेतलं तरी गिऱ्हाईक बघायचं वडिलांकडं. दर मी सांगितला तरी विचारायचे, "दादा, बरोबर आहे का हो?" चाळिशीत वेगळं दुकान टाकलं तेव्हा पहिल्यांदा कुणी मला शेठ म्हणालं. वडिलांवर राग नाही, पण गेलेली वर्षं परत येत नाहीत. ३४ म्हणजे उशीर झालेला नाही. वेगळं व्हा, आणि रविवारी जेवायला घरी जा.

माहुली:

रोखठोक यांचा अनुभव खरा आहे, मान्य. पण मला वेगळंच बोलायचंय. धाग्याचं नाव बाप-लेक, आणि सारिनेनांच्या घरातल्या बायका कुठं गेल्या?

एरोची आई लोया शिल्पकार होती आणि विणकाम करायची. अमेरिकेत मिशिगनमधल्या क्रॅनब्रूक या कला-शिक्षण संकुलात गेल्यावर तिनं मोठा माग-कारखाना चालवला. एलिएलच्या इमारतींमधले गालिचे आणि पडदे तिथून यायचे. बहीण पिप्सान अंतर्गत सजावट करायची. १९३१ चं तिथलं किंग्जवूड मुलींचं विद्यालय पाहा: इमारत बापाची, खुर्च्या-टेबलं विशीतल्या एरोची, कापड आईचं, सजावट बहिणीची. आणि पुढं नाव मात्र बाप-लेकांचं.

माझे वडील साताऱ्यात बांधकामाची कंत्राटं घ्यायचे. मी सिव्हिल शिकले आणि त्यांच्या साइटवर जायला लागले. पहिल्या स्लॅबला मजूर म्हणाले, साहेबांची पोरगी बघायला आलीय. वडिलांनी मला सगळ्यांसमोर स्टीलची तपासणी करायला लावली. एका ठिकाणी रिंगांमधलं अंतर जास्त होतं. मी सांगितलं आणि त्यांनी तिथल्या तिथं काँक्रीट थांबवलं. मिक्सर भाड्याचा, माणसं उभी, दिवसाचं नुकसान. वर एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवसापासून साइटवर माझा शब्द चालायला लागला.

उंबरठा, तुमच्या बाबांनी तुमच्या शब्दावर कधी काँक्रीट थांबवलंय का? माझ्या मते राहायचं की जायचं ते यावरच ठरवा.

उंबरठा:

माहुलीताई, हे फार आत लागलं. आणि बायकांचं अगदी खरं. आमच्या ऑफिसचे हिशेब, पालिकेत फाइल नेऊन देणं, गिऱ्हाइकांचे फोन, हे सगळं पंचवीस वर्षं आईनं केलं. पाटीच्या वादात तिचं नाव माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. लाज वाटली.

रेघोटी:

माहुली, मनापासून धन्यवाद, हे मीच लिहायला हवं होतं.

रोखठोक, तुमचं एक मात्र मान्य नाही. एरो बापाच्या टेबलावरून उठलाच नाही असं नाही. १९२९ मध्ये तो पॅरिसला शिल्पकला शिकायला गेला, मग येलमध्ये वास्तुकला. बाप स्वतः शिकवत होता तरी त्याच्याकडं शिकला नाही. परत आला तो १९३६ मध्ये, स्वतःचं काहीतरी घेऊन. १९४० मध्ये चार्ल्स ईम्सबरोबर खुर्च्यांच्या स्पर्धेत पहिला आला, त्यात एलिएल कुठंच नाही. जनरल मोटर्सच्या तंत्रकेंद्राचं काम आधी आलं ते बापाच्या नावानं. ते मधेच थांबलं आणि पुन्हा सुरू झालं तेव्हा मुलानं हाती घेतलं. एलिएलची वीट, कलाकुसर, मऊ रेघा गेल्या आणि काच, धातू, सरळ रेघा आल्या. बाप तेव्हा जिवंत होता आणि ऑफिसातच होता. आणि कमानीची स्पर्धा तर तुम्हीच वाचलीत.

एरोवर पुढं टीकाही झाली की याची अशी एक शैलीच नाही, प्रत्येक काम निराळं. टीडब्ल्यूए म्हणजे पंख पसरलेला पक्षी, एमआयटीचं चॅपेल म्हणजे खिडक्या नसलेला विटांचा गोल, आत वरून पडणारा उजेड. मला त्यात बापच दिसतो. शैली घेतली नाही, पद्धत घेतली. एलिएलची शिकवण अशी होती की कुठलीही वस्तू तिच्याहून मोठ्या असलेल्या पुढच्या गोष्टीत ठेवून बघा. खुर्ची खोलीत, खोली घरात, घर परिसरात, परिसर शहरात.

हळदवाला:

सौदे संपले, आता मुद्द्याचं.

खोलीत खुर्ची म्हणालात म्हणून आठवलं. आमचे आजोबा हरिपूरला पेवं भाड्यानं घ्यायचे. नवीन मंडळींसाठी सांगतो: पेव म्हणजे जमिनीत खणलेलं हळदीचं कोठार. तोंड माणूस उतरेल एवढं अरुंद, आत पोट मोठं. तळाला आणि बाजूंना पाला-कडबा लावायचा, हळद भरायची, तोंड मातीनं बंद. वर्षानुवर्षं कीड नाही. उघडल्यावर लगेच उतरायचं नाही. आधी कंदील सोडायचा. विझला तर थांबायचं. हरिपूरच्या मातीतच ते होतं, दुसरीकडं खणून तसं जमत नसे. सांगलीच्या हळद बाजाराचा पाया त्या खड्ड्यांत होता, आणि कुणी आर्किटेक्टनं नकाशा काढला नव्हता. बाप मुलाला दाखवायचा, कुठं खणायचं.

२००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरलं. आमची हळद गेली. आजोबा संगमाच्या घाटावर दोन दिवस नुसते बसून होते. माझ्या वडिलांनी पुढं गोदाम बांधलं, मी कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवतो. तिघांनी तीन तऱ्हेनं केलं, माल तोच.

कृष्णाकाठ:

पेवातलं पाणी वाचून गलबलून आलं. आमच्याकडं २०१९ ला आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ आहे, म्हणजे विचार करा. गणपती पेठेतल्या घरात पहिल्या मजल्यावर बसून आम्ही जिन्याच्या पायऱ्या मोजत होतो, किती बुडाल्या त्या.

फलटणकर:

आयर्विन पूल म्हणालात म्हणून एक अवांतर, पण विषयातलंच. आपला पूल व्हाइसरॉय आयर्विनच्या नावाचा. सारिनेनांच्या गोष्टीत दुसरा एक आयर्विन आहे, जे. आयर्विन मिलर, कमिन्स इंजिन कंपनीचा प्रमुख. त्याचं गाव इंडियानातलं कोलंबस, आपल्या कराडपेक्षाही लहान. तिथं एलिएलनं १९४२ मध्ये चर्च बांधलं, सपाट भिंती आणि बाजूला उंच चौकोनी मनोरा. पुढं मिलरनं एरोला बँकेचं काम दिलं, मग स्वतःच्या घराचं काम दिलं. आणि एरोनं हाती घेतलेलं शेवटचं चर्च याच गावात, १९६४ मध्ये पूर्ण झालं, त्याच्या पश्चात. एका छोट्या गावात बापाचं चर्च आणि मुलाचं चर्च, दोन्ही चालत बघता येतील अशी.

कमिन्स म्हणजे तीच, जिचा मोठा कारखाना आमच्या फलटणला आहे. १९६२ मध्ये ती पुण्यात किर्लोस्करांबरोबर भारतात आली. आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यातली! लक्ष्मणरावांनी औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर ती वसवली १९१० मध्ये, एरो जन्मला त्या वर्षी. मुलगा शंतनुराव १९२६ मध्ये एमआयटीतून इंजिनिअर होऊन आला तो थेट वडिलांच्या वाडीतच. बाप नांगर घडवणारा, लेक डिझेल इंजिनापर्यंत गेला. बापाबरोबर काम करून स्वतःचं उभं राहतं का, याचं उत्तर उंबरठा यांना एसटीनं तासाभरात बघून येता येईल.

हळदवाला:

फलटणकर, हे अवांतर सोन्यासारखं आहे. मिलर आणि मिसिसिपी कुठं आणि किर्लोस्करवाडीचा माळ कुठं!

गुरुजी_तासगाव:

निवृत्त विज्ञान शिक्षक आहे. कमानीबद्दल कुणीच नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो.

उंची ६३० फूट आणि पायांमधलं अंतरही ६३० फूट. मुलांना मी ती साखळीवरून शिकवायचो. सायकलची जुनी चेन घ्या, दोन्ही टोकं फळ्यावर खिळ्यांना अडकवा. ती आपोआप जो झोळ घेते तो उलटा केला की कमान. लोंबणाऱ्या साखळीत फक्त ताण असतो, उलटी केली की फक्त दाब. म्हणून ती स्वतःच्याच भारानं उभी राहते. सेंट लुईसची कमान खाली जाड आणि वर बारीक आहे, म्हणून साखळीही मध्ये हलक्या आणि टोकाला जड कड्यांची धरावी लागते. छेद समभुज त्रिकोणाचा. जमिनीपाशी बाजू ५४ फूट, माथ्यावर १७.

बांधकाम १९६३ ते १९६५. दोन पाय दोन बाजूंनी वर वर नेले. शेवटचा तुकडा बसवायचा दिवस होता २८ ऑक्टोबर १९६५. उन्हानं दक्षिणेकडचा पाय प्रसरण पावून तुकड्यासाठीची जागा अपुरी पडत होती. मग अग्निशामक दलाचे पाइप लावून त्या पायावर पाण्याचा मारा केला, पोलाद थंड करून आकुंचन करवलं आणि तुकडा बसवला. वर्गात हे सांगितलं की प्रसरणाचा धडा कुणी विसरत नसे.

बापाबरोबर काम करण्याबद्दल मला अनुभव नाही, माझे वडील शेतमजूर होते. पण दोन्ही पाय बऱ्याच उंचीपर्यंत वेगळे उभे होते, आधार एकमेकांचा नव्हता, हे तरुण आर्किटेक्टनं लक्षात घ्यावं असं वाटलं.

रोखठोक:

गुरुजी, नमस्कार. हेच मी म्हणत होतो, तुम्ही चांगल्या शब्दांत सांगितलंत.

तारवाला:

पण गुरुजी, शेवटी जोडलेच ना?

माहुली:

तारवाला :)

संगम_माहेर:

मुलगी व्हर्जिनियाला असते, त्यामुळं डलेस विमानतळ तीनदा पाहिला. पहिल्यांदा उतरले तेव्हा तो कुणाचा वगैरे काही माहीत नव्हतं. बाहेरून बघितलं आणि जावयाला म्हटलं, हे छप्पर ठेवलेलं नाही, टांगलेलं आहे. बाहेर कललेले खांब आणि मधे छप्पर झोळीसारखं. आमच्या माहेरी हरिपूरला चिंचेला धोतराची झोळी बांधून लेकरू झोपवायचे, अगदी तसं. जावई आर्किटेक्ट आहेत, ते म्हणाले, आई, बरोबर ओळखलंत, तारांवर टांगलेलंच आहे.

इतकंच सांगायचं होतं. धागा फार सुंदर चाललाय.

कृष्णाकाठ:

मूळ प्रश्नाकडं या मंडळी. उंबरठा गायब आहेत आठवडाभर.

उंबरठा:

गायब नव्हतो, साइटवर होतो. सगळं वाचलं, बाबांनाही वाचून दाखवलं. जे झालं ते सांगतो.

नदीकडच्या बाजूला एका शिक्षक दांपत्याचं घर करतोय. मी फार मन लावून काढलं होतं. जोतं अगदी कमी, अंगणातून थेट ओसरीवर, ओसरीतून माजघरात, पायरी चढल्याचं कळूच नये. बाबांनी लाल पेन्सिल घेऊन जोत्यावर एक रेघ मारली आणि वर प्रश्नचिन्ह. बोलले काहीच नाहीत. मी चिडलो, म्हटलं बाबा, तुमची सगळी घरं उंच ओट्यावर आहेत म्हणून माझंही तसंच हवं का? दोन दिवस आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोललो.

मग रेघोटी यांचं एलिएलबद्दलचं वाचलं, खुर्ची खोलीत, खोली घरात. बाबांना वाचून दाखवलं तर ते उठले, चपला घातल्या, म्हणाले चल. मोटरसायकलवरून त्याच गल्लीतल्या एका जुन्या घरात घेऊन गेले. त्या घरच्या आजींनी आम्हाला आत नेलं. मधल्या खोलीच्या भिंतीला २०१९ नंतर गिलावा केलाय, रंग दिलाय, पण कोनाड्याच्या आत रंगाऱ्याचा ब्रश पोचला नव्हता. तिथं मातकट तपकिरी रेघ होती, हातानं पुसली तर बोटाला गाळाची पूड लागली. माझ्या छातीच्या वर. बाबा म्हणाले, "तू घर अंगणात ठेवून बघितलंस. मी नदीत ठेवून बघितलं." मग म्हणाले, "जोतं वाढवून इथं भागत नाही, एवढं उंच कोण करणार? तू काहीतरी दुसरं शोध. मला जोतंच माहीत, म्हणून मी तेवढीच रेघ मारली."

हे वाक्य मी बाबांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

आता नवीन नकाशा आहे. खालचा मजला पाणी येऊन जाईल असाच धरलाय: शहाबादी फरशी, भिंतींना लाकूड कुठंच नाही, विजेचे बोर्ड आणि मीटर वर, स्वयंपाकघर आणि देवघर पहिल्या मजल्यावर. ओसरी मला हवी तशीच, अंगणाला लागून, पण गाळ धुऊन काढता येईल अशा उताराची. उतार किती द्यायचा ते बाबांनी सांगितलं. जिना बाहेरून, म्हणजे होडी लागली तर थेट उतरता येईल. ही कल्पना त्या शिक्षिकाबाईंची. परवा आखणी केली. टेपचं शून्याचं टोक बाबांनी धरलं, आकडे मी वाचले. एका कोपऱ्याचा काटकोन दीड इंचानं चुकत होता, मी म्हटलं थांबा, आणि बाबांनी गवंड्याला फक्की टाकायची थांबवली. माहुलीताई, तुमचीच आठवण झाली.

रोखठोक, एक शिक्षण संस्था आहे, तिच्या वाचनालयाच्या स्पर्धेत मी माझ्या एकट्याच्या नावानं भाग घेतलाय. बाबाही घेणार होते. दोघांनी घ्या, असं मीच म्हटलं. हल्ली संध्याकाळी सातनंतर आम्ही आपापले कागद झाकून ठेवतो.

रोखठोक:

हे ऐकून बरं वाटलं. निकाल काहीही लागो, कळवा. आणि पाटीचं काय?

रेघोटी:

कोनाड्यातली रेघ डोळ्यांसमोरून जात नाहीये. विद्यार्थ्यांना घेऊन सांगलीला आले तर ते घर दाखवाल का?

उंबरठा:

रेघोटी, नक्की या. आजींना मी विचारून ठेवतो.

पाटीचं असं झालं. मी बाबांना तारेची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी आधी एवढंच विचारलं, "दोघांची आद्याक्षरं एकच ना रे?" म्हटलं हो, ए. सारिनेन आणि ए. सारिनेन. आमचंही तसंच आहे, बाबांचं आणि माझं नाव एकाच अक्षरानं सुरू होतं, आणि टपाल नेहमी चुकतं. बाबा म्हणाले, "मग पाटीवर आद्याक्षर नको. दोघांची नावं पूर्ण लिहायची." मी म्हटलं, तिघांची. आई स्वयंपाकघरातून ओरडली की माझं नाव खाली बारीक अक्षरात टाकलंत तर मी ऑफिसचा हिशेब बघणार नाही. 

पेंटर काल माप घेऊन गेला. तीन पूर्ण नावं एकाच आकाराच्या अक्षरांत बसवायची तर जुनी चौकट पुरत नाही, म्हणून सुताराला नवीन सांगितलीय. जुनी पाटी बाबांनी घरी नेलीय.